रिकामी होत जाणारी पेशी : नागपूरचा सिकलसेल आणि एका पिशवीचा शोध

१९५८ साली लंडनच्या 'द लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात नागपूरच्या निरीक्षणांवर आधारलेला एक छोटा लेख प्रसिद्ध झाला. लेखक होते आर. एन. शुक्ला आणि बी. आर. सोळंकी, विषय होता मध्य भारतातील सिकलसेलचा वाहकगुण. नागपूर त्या वेळी द्वैभाषिक मुंबई राज्यात होते. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि १९६०च्या महाराष्ट्राला अजून दोन वर्षे अवकाश होता. लेखाच्या शीर्षकात 'मध्य भारत' असल्यामुळे विदर्भातल्या घराघरांतल्या एका दुखण्याची ही पहिली ठळक नोंद आहे, हे मराठी वाचकाच्या सहसा लक्षात येत नाही.

सिकलसेलचा इतिहास आपल्याकडे बहुधा जनुकाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो खरा आहे, पण अपुरा आहे. तांबड्या रक्तपेशीच्या पोटात एक लहानशी पिशवी असते आणि त्या पिशवीत आणखी बारीक पिशव्या असतात. पेशी त्यांत नको असलेल्या वस्तू निवडून भरते आणि बाहेर सोडते. या पिशवीचा शोध नागपूरपासून फार दूर, वेगळ्याच कारणासाठी लागला. तरीही नागपूरच्या रुग्णाच्या केसपेपरवर वर्षानुवर्षे लिहिल्या जाणाऱ्या एका आकड्याचा अर्थ त्या शोधाने बदलला. या दोन इतिहासांची गाठ कशी पडली, ते या लेखात पाहायचे आहे.

नागपूरची नोंद

विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी पहिल्यांदा छापील पानावर आल्या त्या १९१० साली. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी कॅरिबियन बेटांतून शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तात त्या असल्याचे लिहिले. पुढची चाळीस वर्षे हा आफ्रिकी वंशाच्या लोकांचाच आजार मानला गेला. १९५२ साली लेहमन आणि कटबुश यांनी निलगिरीतल्या आदिवासींमध्ये तो दाखवला, तेव्हा या समजाला पहिला तडा गेला. मात्र लगेच दुसरा समज तयार झाला : भारतात हा आजार डोंगराळ भागातल्या आदिवासींचा आहे.

नागपूरच्या लेखाचे महत्त्व इथे आहे. शुक्ला आणि सोळंकी यांनी पाहिलेली माणसे केवळ जंगलपट्ट्यातली नव्हती. त्यांत शहरात आणि आसपासच्या खेड्यांत राहणारे महार होते, शेतकरी आणि कष्टकरी जातींतली माणसे होती. हा लेख येण्याआधी दीडच वर्ष, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, याच शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. माणसांनी जुनी ओळख टाकली, पण वैद्यकीय तक्ते जातींच्याच रकान्यांत भरले जात राहिले. त्यामुळे एक उपयोग झाला आणि एक अपाय झाला. कुठे तपासणी आधी करायची हे कळले, हा उपयोग. सिकलसेल म्हणजे 'त्यांचा' आजार हा शिक्का बसला, हा अपाय. तो शिक्का आजही लग्नाच्या बोलणीत, आणि विशेषतः मुलीच्या बाबतीत, आडवा येतो.

हा गुण या भागात इतका का पसरला, याचे उत्तर अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४मध्ये पूर्व आफ्रिकेतून दिले होते. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच सिकलचे जनुक आले, तर मूल वाहक होते आणि प्राणघातक मलेरियापासून त्याला बरेच संरक्षण मिळते. दोघांकडूनही आले, तर ते मूल रुग्ण होते. दोन्ही पालक वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात रुग्ण मूल होण्याची शक्यता चारात एक असते. ज्या प्रदेशाला मलेरियाने शतकानुशतके छळले, तिथे या जनुकाने काहींना वाचवले आणि त्याची किंमत इतरांकडून घेतली.

जनुक एक, आजार अनेक

१९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेलला 'रेणूचा आजार' म्हटले. १९५६-५७मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमका दोष शोधला : हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. एवढ्या एका बदलामुळे प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना जोडून लांब दोऱ्या बनवतात, पेशी ताठरते आणि विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि वेदना सुरू होतात.

हे स्पष्टीकरण इतके सुबक होते की प्रश्न संपला असे वाटावे. दवाखान्यात मात्र तो संपलेला नव्हता. एकाच आईची दोन मुले, दोघांचे हिमोग्लोबिन सारखेच; एक वर्षातून एकदा आजारी पडते आणि दुसरे दर महिन्याला हाडे ठणकत असल्याने रडत येते. १९८६ साली कुलोझिक आणि सहकाऱ्यांनी दाखवले की भारत आणि अरबस्तानातले सिकल जनुक आफ्रिकेतल्या जनुकापासून स्वतंत्रपणे उपजले आहे. या अरब-भारतीय प्रकारात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जन्मानंतरही बऱ्यापैकी टिकते आणि ते दोऱ्या बनण्यात अडथळा आणते. त्यावरून भारतीय सिकलसेल सौम्य असतो, असे पुस्तकांत लिहिले जाऊ लागले.

नागपूरच्या डॉक्टरांचा अनुभव या वाक्याशी जुळत नव्हता. इथे मुले वारंवार भरती होत, रक्त चढवावे लागे, जंतुसंसर्गाने दगावत. अल्फा थॅलेसेमियाचा गुण सोबत असला तर सिकलसेल काहीसा सौम्य होतो. अनेक आदिवासी समाजांत ही जोड सर्रास आढळते. नागपूर परिसरातल्या इतर रुग्णांत ती कमी आहे. म्हणजे सिकलचे जनुक तेच असूनही आजार वेगळा होता. आजाराची तीव्रता फक्त त्या एका अक्षरात लिहिलेली नाही, हे नागपूरचे वॉर्ड रोज सांगत होते.

केसपेपरवरचा आकडा

सिकलसेलच्या रुग्णाच्या रक्तचाचणीत एक ओळ हमखास असते : रेटिक काउंट. रेटिक्युलोसाइट म्हणजे अस्थिमज्जेतून नुकतीच बाहेर आलेली कोवळी तांबडी पेशी. विशिष्ट रंग टाकला की तिच्यात निळसर जाळी दिसते, म्हणून हे नाव. निरोगी प्रौढात तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि शंभरात एक-दोनच कोवळ्या असतात. सिकलसेलमध्ये पेशी जेमतेम १० ते २० दिवस टिकतात. ही तूट भरून काढायला मज्जा रात्रंदिवस राबते आणि अपुऱ्या वाढीच्या पेशीही रक्तात ढकलते. मग कोवळ्या पेशींचे प्रमाण शंभरात दहाच्या आसपास किंवा त्याहूनही वर जाते. रुग्णाला रोज फॉलिक अ‍ॅसिडची गोळी देतात ती या राबणाऱ्या मज्जेसाठीच.

कित्येक दशके डॉक्टर या आकड्याकडे साक्षीदार म्हणून पाहत. पेशी किती फुटत आहेत आणि मज्जा किती भरपाई करत आहे, एवढीच साक्ष त्याने द्यायची. कोवळी पेशी स्वतः काही बिघडवत असेल, असा संशय कोणाला नव्हता. तो येण्यासाठी आधी कोवळी पेशी प्रौढ होते म्हणजे नेमके काय होते, हे कळायला हवे होते.

आपल्याला वाढ म्हणजे भर पडणे असे वाटते. तांबड्या पेशीचे उलटे आहे. ती जसजशी प्रौढ होते, तसतशी रिकामी होते. मज्जेत असतानाच तिचे केंद्रक बाहेर पडते. मग रक्तात आल्यावरच्या एक-दोन दिवसांत उरलेल्या मायटोकॉन्ड्रिया आणि प्रथिने बनवणारी यंत्रणा जाते. शेवटी उरते ती हिमोग्लोबिनने भरलेली, कुठेही वाकू शकणारी चकती. तिच्या पृष्ठभागावरही आवराआवर होते, आणि या इतिहासातला महत्त्वाचा भाग तोच आहे.

मॉन्ट्रियलच्या मेंढ्या

हिमोग्लोबिन बनवायला लोह लागते. रक्तात लोह वाहून नेणारे ट्रान्सफेरिन नावाचे प्रथिन असते, आणि ते पकडण्यासाठी कोवळ्या पेशीच्या अंगावर ग्राही, म्हणजे रेणूंचे हात, असतात. पेशी प्रौढ झाली की हिमोग्लोबिन बनवणे थांबते आणि हे हात नाहीसे होतात. ते जातात कुठे?

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या जीवरसायनशास्त्रज्ञ रोझ जॉनस्टोन या प्रश्नामागे लागल्या. त्यांचा जन्म पोलंडमधला. लहानपणी कुटुंबासह त्या कॅनडात आल्या होत्या. त्यांनी मेंढ्यांचे रक्त काढून त्यांना मुद्दाम रक्तक्षय आणला, म्हणजे मज्जा कोवळ्या पेशी बाहेर सोडेल. सिकलसेलच्या रुग्णात जे आजाराने घडते, तेच मेंढीत प्रयोगासाठी घडवले. या पेशी शरीराच्या तापमानाला ठेवून प्रौढ होऊ दिल्या. अपेक्षा अशी होती की ग्राही पेशीतच कुठेतरी पचून जाईल. पेशीच्या पोटात लायसोसोम नावाच्या पाचक पिशव्या असतात, हे ख्रिश्चन द दूव यांनी १९५५पासून दाखवून दिले होते.

पण ग्राही पेशीबाहेरच्या द्रवात सापडला, आणि तोही शाबूत. बिन-ताओ पॅन आणि जॉनस्टोन यांनी हे १९८३ साली प्रसिद्ध केले. त्याच वर्षी अमेरिकेत सेंट लुईसला हार्डिंग, ह्यूझर आणि स्टाल यांनी उंदराच्या कोवळ्या पेशींत हीच वाट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. सोन्याचे सूक्ष्म कण लावलेले ट्रान्सफेरिन पेशीत शिरले आणि एका पिशवीत गेले. त्या पिशवीच्या पोटात कितीतरी बारीक पुटिका होत्या. नंतर ही पिशवी पेशीच्या पटलाला जाऊन मिळाली आणि पुटिका बाहेर सांडल्या. एका पुटिकेचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे वीस हजाराव्या भागाएवढा. १९८७मध्ये जॉनस्टोन यांच्या गटाने या पुटिकांसाठी 'एक्झोसोम' हे नाव वापरले.

त्यांच्या प्रयोगातली सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे बाहेर न पडलेली प्रथिने. प्रौढ पेशीला जन्मभर लागणारे, ऋणभारित कणांची ने-आण करणारे प्रथिन पटलातच राहिले होते; नको झालेले ग्राही मात्र पुटिकांत गोळा झाले होते. पटलाचा कोणताही तुकडा तुटून पडला असता, तर दोन्ही सारख्याच प्रमाणात गेली असती. म्हणजे इथे निवड होत होती. दिवाळीच्या आधी माळा आवरताना आपण आधी वस्तू वेगळ्या करतो आणि मग टाकायच्या त्या पोत्यात भरतो. पेशीही हाच क्रम पाळत होती.

जगाने मात्र या कामाकडे जवळजवळ दहा वर्षे पेशीची कचराकुंडी म्हणून पाहिले. १९९६ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवले की रोगप्रतिकारक पेशीही असेच एक्झोसोम सोडतात आणि त्यांतून दुसऱ्या पेशींना चालना देतात. २००७मध्ये स्वीडनच्या गटाने त्यांत आरएनए सापडल्याचे सांगितले. मग एकाएकी सगळ्यांना या पुटिकांत रस वाटू लागला. जॉनस्टोन २००९ साली वारल्या. त्यांचा 'कचरा' तोवर एक स्वतंत्र विज्ञानशाखा झाला होता.

निवड कोण करते?

पिशवी बाहेरच्या बाजूला फुगून पुटिका तोडत नाही. तिचे पटल आतल्या बाजूला खचते, खळगा पडतो, त्याचे तोंड आवळले जाते आणि पुटिका पिशवीच्या पोटात पडते. हे काम करणाऱ्या प्रथिनांचा ताफा स्कॉट एमर यांच्या अमेरिकेतल्या गटाने यीस्टमध्ये शोधला. त्यातला कळीचा लेख २००१चा आहे. जे प्रथिन नको, त्याला युबिक्विटिन नावाचे एक छोटे प्रथिन चिकटवले जाते, पोस्टातल्या पाकिटावर शिक्का मारावा तसे. ताफ्यातली पहिली तुकडी हा शिक्का ओळखते आणि पुढच्या तुकड्या प्रथिनाला खळग्यात ढकलून तोंड बंद करतात.

कोवळ्या रक्तपेशीची रीत जरा वेगळी आहे. फ्रान्समधील माँपेलिए येथील मिशेल विडाल यांच्या गटाने २००४मध्ये ती उलगडली. ट्रान्सफेरिनच्या ग्राहीला एक सोबती प्रथिन धरून ठेवते आणि पुन्हा पुन्हा पटलावर परत आणते. पेशी प्रौढ होऊ लागली की हा सोबती नष्ट होतो. मोकळ्या झालेल्या त्याच जागेवर दुसरी प्रथिने येऊन बसतात आणि ग्राहीला पुटिकेकडे नेतात. जोवर गरज आहे तोवर परतीची वाट, गरज संपली की बाहेरची. आणि दोन्ही वाटांचा फाटा ग्राहीच्या एकाच टोकावर.

भरलेल्या पिशवीपुढेही दोन मार्ग असतात. ती लायसोसोमला मिळाली तर आतले सगळे पचते. पेशीच्या बाहेरच्या पटलाला मिळाली तर पुटिका रक्तात जातात. बहुतेक पेशी दोन्ही मार्ग वापरतात. कोवळ्या रक्तपेशीचे मात्र लायसोसोमही सरत चाललेले असतात, म्हणून तिला बाहेर टाकण्याचा मार्ग इतका मोठा ठेवावा लागतो.

चिकटपणाचा हिशेब

आता नागपूरच्या केसपेपरवरचा आकडा पुन्हा हाती घेऊ. १९८० साली मिनेसोटाचे रॉबर्ट हेबेल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की सिकलसेलच्या तांबड्या पेशी रक्तवाहिनीच्या अस्तराला चिकटतात आणि ज्या रुग्णाच्या पेशी जास्त चिकटतात त्याचा आजार जास्त तीव्र असतो. १९८५मध्ये मोहनदास आणि इव्हान्स यांना दिसले की सर्वांत चिकट असतात त्या कायमच्या विळा झालेल्या जुन्या पेशी नव्हेत, तर तरुण, लवचिक पेशी. १९९३मध्ये कारण पुढे आले : सिकलसेलच्या कोवळ्या पेशींच्या अंगावर इंटेग्रिन जातीचा एक चिकट रेणू असतो. प्रौढ पेशीवर तो नसतो.

हा रेणू मुळात वाईट नाही. मज्जेत वाढणाऱ्या पेशीला तिथल्या जाळ्याला धरून राहण्यासाठी त्याची गरज असते. घर सोडायची वेळ आली की हात सोडायचा असतो. तो सुटतो कसा, हे विडाल यांच्याच गटाने २००० साली दाखवले : कोवळी पेशी प्रौढ होताना हा चिकट रेणूही एक्झोसोममधून बाहेर टाकते. ज्या पिशवीने लोहाचे ग्राही नेले, तीच पिशवी हा हातही नेते.

यावरून घटनांचा क्रम असा लागतो. पेशी लवकर फुटतात, म्हणून मज्जा घाई करते. आवराआवर पुरी होण्याआधीच पेशी रक्तात येते. अंगावरचा चिकट हात तसाच असतो आणि तो बारीक रक्तवाहिनीच्या अस्तराला धरतो. रक्ताचा वेग मंदावतो. मागून येणाऱ्या पेशी तिथे जास्त वेळ रेंगाळतात, प्राणवायू सोडतात, विळा होतात आणि वाट बंद पाडतात. मग आणखी पेशी फुटतात आणि मज्जेची घाई आणखी वाढते. रेटिक काउंटला आपण साक्षीदार समजत होतो; तो गुन्ह्यात सामील होता.

पुन्हा मेडिकलमध्ये

हे सगळे कळल्याने नागपूरच्या मुलाला काय मिळाले? हायड्रॉक्सियुरिया हे मुळात कर्करोगावरचे जुने, स्वस्त औषध. ते गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढवते, म्हणून सिकलसेलसाठी वापरले गेले. १९९५ साली मोठ्या अमेरिकी चाचणीत त्याने प्रौढांतली वेदनेची संकटे जवळपास निम्म्यावर आणली. पण काही रुग्णांना ते हिमोग्लोबिन वाढण्याआधीच बरे वाटू लागे. नव्वदच्या दशकातल्या अभ्यासांत याचे एक कारण दिसले : औषधाने कोवळ्या पेशींची संख्या घटते आणि त्यांच्या अंगावरचा चिकट रेणूही कमी होतो.

नागपूरसाठी ही गोष्ट महत्त्वाची होती. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन आधीच जास्त असते, मग त्यांना या औषधाचा काय उपयोग, असा आक्षेप होता. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे नागपूरकरांच्या 'मेडिकल'च्या, बालरोग विभागात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी तीव्र आजार असलेल्या मुलांना हे औषध दररोज वजनाच्या दर किलोमागे १० मिलिग्रॅम अशा कमी आणि ठरावीक मात्रेत दिले. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मुलांची वेदनेची संकटे आणि रक्त चढवण्याची गरज कमी झाल्याचे दिसले. मात्रा कमी असली की वारंवार रक्ततपासणीसाठी फेऱ्या मारण्याचा भारही हलका होतो. एक दिवसाची मजुरी बुडवून खेड्यातून येणाऱ्या आईबापांसाठी ही बाब औषधाइतकीच मोलाची आहे.

चिकटपणावर थेट घाव घालणारी महागडी औषधेही आली. रक्तवाहिनीच्या अस्तरावरचा एक रेणू अडवणाऱ्या क्रिझनलिझुमॅबला अमेरिकेने २०१९मध्ये मान्यता दिली. पुढच्या चाचणीत अपेक्षित लाभ न दिसल्याने युरोपने २०२३मध्ये ती मागे घेतली. चिकट हात अनेक आहेत, एक अडवून भागत नाही. जुने स्वस्त औषध टिकले, कारण ते मज्जेच्या घाईलाच आळा घालते.

ज्ञान आणि उपचार यांमधले अंतर विदर्भाने आधीही पाहिले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था स्थापन केली. त्यांच्या तिथल्या सुरुवातीच्या संशोधनांपैकी एक सिकलसेलवर होते. लोकांना त्यात फारसा रस वाटला नाही, कारण रक्त तपासून नाव कळत होते, इलाज मिळत नव्हता. संशोधनाचा विषय लोकांच्या गरजेतून यावा, हा धडा बंग दांपत्याने त्यातून घेतला.

आज परिस्थिती बदलली आहे. लस, लहान मुलांना पेनिसिलिन आणि हायड्रॉक्सियुरिया यांमुळे निदानाला अर्थ आला आहे. २०१६च्या अपंग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. ४० वर्षांखालच्या सुमारे ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासलेल्यांना कार्डे मिळतात, लग्नाआधी ती जुळवून पाहावीत असे सांगितले जाते. सल्ला म्हणून ते योग्यच आहे. पण निर्मूलन म्हणजे केवळ रुग्ण मूल जन्माला न येणे, असा अर्थ रूढ झाला, तर जन्मलेल्या मुलाचे काय? त्याच्यासाठी कार्डापेक्षा गावच्या आरोग्य केंद्रात औषधाची गोळी बारा महिने मिळणे मोलाचे आहे.

१९५८च्या लेखाने विदर्भाच्या रक्तातले एक जनुक जगाला दाखवले. त्या जनुकालाच नशीब मानून आपण बराच काळ थांबलो. मॉन्ट्रियलच्या मेंढ्यांनी दुसरी बाजू दाखवली : त्याच जनुकाची पेशीही आवराआवर पुरी करून बाहेर आली, तर कमी चिकटते आणि कमी अडते. तिला तेवढी सवड मिळवून देणे आपल्या हातात आहे, आणि त्याची किंमत काही रुपयांच्या रोजच्या गोळीएवढी आहे.